मुक्या पायाची वहाण

शालनच्या दुकानात पहिल्याच झटक्याला कुणी "झकास बसली" म्हटलं, असं कधी झालं नव्हतं. दुकान म्हणजे कान्हे फाट्यावर रस्त्याकडेची पत्र्याची शेड. आत लोखंडी तिवई, कातडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, भिजत घातलेल्या कातड्याची परात आणि या पसाऱ्याच्या मधोमध मांडी घालून बसलेली शालन. गिऱ्हाईक नवी वहाण पायात सरकवायचं, चार पावलं टाकायचं आणि तोंड वाकडं करायचं. अंगठा आवळतोय. पट्टा घासतोय. टाच बाहेर पळतीय. शालनला त्याचा राग येत नसे. उलट कुणी कुरकुर केली नाही तर तिला चुकल्यासारखं व्हायचं. तिचा सासरा केरबा, ज्यानं तिला रापी धरायला शिकवली, तो म्हणायचा की वहाण निम्मी आपल्या हातानं होते आणि निम्मी गिऱ्हाइकाच्या तोंडानं. "कुटं चावतंय?" एवढं विचारायचं आणि तो बोट दाखवील तिथं हात चालवायचा. बाकी अकलेचे तारे तोडायचे नाहीत.

केरबा गेला तेव्हा लोक धरूनच चालले होते की शेड आता चहावाल्याला जाणार. शालनचा नवरा टेम्पो चालवायचा. आरी कुठल्या टोकानं धरतात हे त्याच्या गावी नव्हतं. पण ही बाई सासऱ्याच्या जागेवर जाऊन बसली ती बसलीच. लोणावळ्याचा एक दुकानदार पर्यटकांसाठी तिच्याकडून गोंड्याच्या चपला करून घ्यायचा, त्यावर घर चालायचं. गोंडे लावताना मात्र ती नाक मुरडायची. "फोटू काढायचं पायतान," म्हणायची. तिचा जीव डोंगरातल्या वहाणांत होता. जाड तळाच्या, साध्या, करंजाचं तेल पोटभर प्यालेल्या.

त्यामुळे आंदर मावळातल्या उंबराच्या वाडीची बाया नावाची बाई दारात येऊन उभी राहिली, तेव्हा शालनची कळी खुलली. बाया म्हातारी असली तरी बांबूसारखी ताठ. डोक्यावर गाठोडं, पाय अनवाणी. तिनं गाठोडं उतरवलं आणि त्यातून दवाखान्यातून मिळालेले मऊ, फेसाच्या तळाचे बूट काढून समोर ठेवले.

"मावशे, हे पायात घालायचं असतंय, डोक्यावर न्हाई," शालन म्हणाली.

"घालून बघितलं की. वाडीच्या चढाला मी खाली येती आन् बूट वर ऱ्हातो. डागदराच्या फरशीवर लय ब्येस हाय त्यो."

बायाला साखरेचा आजार होता. गेल्या साली पायाला कुठंतरी लागलं, ते चिघळलं आणि उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. अनवाणी चालू नका, पुन्हा जखम झाली तर पाय वाचवता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिचा मुलगा संदेश सुदुंबऱ्याकडच्या एका कारखान्यात कामाला आणि बेगडेवाडीला भाड्याच्या खोलीत राहायला. तो वर्षभर एकच धोशा लावून होता, की वाडी सोड आणि माझ्याकडं ये. वाडीला बायाची म्हैस होती, भाताचं खाचर होतं, आणि तिनं स्वतः सारवलेलं घर होतं.

"त्याच्याकडं जाऊन काय करू? दारात बसून गाड्या बघू? केरबाभाऊनं माज्या मालकाला वहाना केलत्या, तशा मला करून दे. मला माज्या घराला चालत जायचंय. बाकी काय मागत न्हाई मी कुनाला," बाया म्हणाली.

शालननं गोंड्याच्या चपला बाजूला सारल्या आणि बायाचा पाय कातड्यावर ठेवून कोळशानं कड आखली. पाठीकडचं जाड कातडं तळाला घेतलं, ठोकून ठोकून घट्ट केलं. चढावर पाय मागं सरकू नये म्हणून टाचेला वेगळा पट्टा दिला. वाद्या स्वतः कापल्या, स्वतः ओवल्या. बाया माल न्यायला आली तेव्हा शालननं तिला शेडच्या पुढं चांगली फिरवली.

"कुटं चावतंय?"

"न्हाई."

"नीट सांग, मावशे. लाजू नगंस."

"अगं न्हाई चावत. लोन्यावानी हाय. पायात काय हाय का न्हाई, तेबी कळंना."

शालन हवेत गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं गिऱ्हाईक मिळालं होतं. केरबालाही कधी असं कुणी म्हटलं नव्हतं! बाया रस्त्यानं दिसेनाशी होईपर्यंत ती कौतुकानं बघत राहिली आणि मग शेजारच्या वडेवाल्याला तिनं आपण होऊन चहा पाजला. वडेवाल्याला हा प्रसंग पुढं बरेच दिवस सांगायला पुरला.

गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही उगाच नाही. एका सकाळी संदेश आला, पिशवीतून त्या वहाणा काढल्या आणि शालनच्या पुढ्यात टाकल्या. उजव्या वहाणेच्या आतल्या बाजूला पट्ट्याची शिवण काळी पडून कडक झाली होती. रक्त वाळल्यावर कातडं कसं दिसतं हे शालनला सांगावं लागत नव्हतं.

"आईला तळेगावच्या दवाखान्यात ठेवलीय. ह्या पट्ट्यानं पाय कापला तिचा. अशीच चालत होती, दिवसच्या दिवस," संदेश म्हणाला.

"आन् बोलली न्हाई? मी चार चार येळा इचारलंवतं तिला!"

"तिला कळत न्हाई, शालनताई. पाय बधिर झालाय तिचा. कळलंच न्हाई तर सांगंल काय?"

तो गेला. शालननं शेडला कुलूप घातलं आणि पुढची गाडी पकडून तळेगावला गेली.

दवाखान्यात ज्योत्स्ना नावाची नर्स बायाच्या पायाशी बसली होती. जखम धुऊन झाली होती. ज्योत्स्नाच्या हातात नायलॉनचा एक ताठ धागा होता. "आजी, डोळे मिटा. पायाला लागलं की सांगा," ती म्हणाली. बायानं डोळे मिटले, कान टवकारल्यासारखं तोंड केलं आणि वाट पाहू लागली. ज्योत्स्नानं धागा अंगठ्याला टेकवला, टाचेला टेकवला, गेलेल्या करंगळीच्या जागेशी टेकवला. बाया गप्प. थोड्या वेळानं डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "लाव की आता. किती येळ बसवून ठिवतीस म्हातारीला?"

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं जळत होतं आणि ज्याचं त्यालाच कळत नव्हतं. मुक्याला प्रश्न विचारून तो गप्प राहिला, याचंच तिनं कौतुक करून घेतलं होतं. भिंतीकडं तोंड करून ती रडली.

"गप गं. वहान चांगलीच हुती. पायच मेलाय, त्याला तू काय करशील?" बाया म्हणाली.

"तुमचं चुकलं असं नाही," ज्योत्स्नानं शालनला बाहेर घेऊन सांगितलं. "अशा माणसाला चावलेलं समजत नाही. म्हणून आम्ही विचारत नाही, बघतो. जिथं दाबतं तिथं आधी कातडी लाल होते. थोडं बसल्यावर लाली गेली तर ठीक. बसूनही गेली नाही, तर तिथं जखम होणार हे नक्की. रोज कुणीतरी तळवा बघायला हवा. आजींना स्वतःला वाकून तो दिसत नाही."

शालनचं रडणं थांबलं. "म्हंजी कातडी सांगती," ती सावकाश म्हणाली. "मावशीला सांगत न्हाई, पर बघनाऱ्याला सांगती."

"अगदी तसंच."

कातड्याशीच तर शालनचा जन्म गेला होता. तिनं तिथंच ठरवलं की बायाची वहाण पुन्हा करायची, आणि या खेपेला बायाला एका शब्दानं विचारायचं नाही.

पाय या वेळी वाचला. पुन्हा असं झालं तर घोट्यापर्यंत जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. संदेशनं म्हैस शेजारच्या भामाबाईकडं सोपवली, वाडीच्या घराला कुलूप घालून किल्ली आईकडं दिली आणि तिला बेगडेवाडीला आणलं. शालन तिथं कातडं घेऊन पोचली तेव्हा त्यानं दारातच हात जोडले. "ताई, पाया पडतो. आता वहाण नको."

"पाया पड न्हाईतर डोस्क्यावर बस. वहान मी करनार. घालायची का न्हाई ते तू मागनं ठरव," शालन म्हणाली आणि त्याच्या बगलेखालून आत शिरली.

जखम भरेपर्यंत तिनं फक्त कातडं घडवलं. भरल्यावर कामाला लागली. आतल्या बाजूला एकही गाठ, एकही शिवण येऊ द्यायची नाही म्हणून सगळे टाके उलटे, बाहेरून घातले. पट्ट्याला आतून शेळीचं मऊ कातडं लावलं. मग तेलात काजळी कालवून ती बायाच्या तळव्याला माखली आणि कोऱ्या वहाणेत पाय घालून तिला खोलीत चालायला लावलं. जिथं कातड्यावर काळा ठसा गडद उठेल तिथं पाय जास्त दाबतो, हा हिशेब. तेवढीच जागा तासायची, पुन्हा काजळी, पुन्हा चालणं. बेगडेवाडीच्या खोलीतली फरशी काळी झाली. संदेश कामावरून आला की मुकाट्यानं पुसायचा. हळूहळू ठसा सगळीकडं एकसारखा फिकट उठायला लागला. तपासणीला गेल्यावर ज्योत्स्नानंही वहाण उलटीपालटी करून बघितली आणि छान झालीय म्हणाली.

"आता दे की मला. जाती मी वाडीला," बाया म्हणाली.

संदेशनंही हरकत घेतली नाही. पण शालनचं मन खात होतं. का, ते तिला सांगता येईना. एकदा सगळ्यांनी चांगलं म्हटलेल्या वहाणेनं तोंडघशी पाडलं होतं, तेव्हापासून कौतुक ऐकलं की तिला धडकीच भरायची.

दुसऱ्या दिवशी शालन खोलीवर असतानाच चाळीच्या नळाला पाणी आलं. बाया नुकतीच पाय धुऊन उठली होती. संदेशनं नको नको म्हटलं तरी ती हंडा घेऊन नळावर गेली आणि भरलेला हंडा डोक्यावर घेऊन परत आली. नव्या वहाणा तिनं दाराशीच काढून ठेवल्या होत्या. शालन खेकसायलाच उठली होती, "अनवानी गेलीस ना, म्हातारे!" पण शब्द तोंडातच राहिले. सिमेंटच्या वाटेवर ओल्या पायांचे ठसे उमटले होते. जातानाचे आणि येतानाचे. जाताना पाय लांबट आणि अरुंद पडला होता. येताना तोच पाय पसरून रुंद झाला होता. करंगळीच्या रिकाम्या जागेवरून तळव्याची कड बाहेर पसरली होती. तिथला ठसा सगळ्यांत ओला होता.

"अगं बाई!" शालन खालीच बसली. "मी रिकाम्या पायाचं माप घेत बसली हुती."

आजवर तिनं सगळ्यांचीच मापं रिकाम्या अंगानं घेतली होती. केरबानंही तशीच घेतली होती. ओझ्याखाली पाय पसरला की गिऱ्हाईक आपणच परत यायचं, आवळतंय म्हणायचं आणि काम भागायचं. पण डोंगरातली बाई घराकडं रिकामी कधी जाते? रेशन, भुसा, सरपण, काही ना काही डोक्यावर असतंच. आणि बाया तर आवळलं म्हणून सांगणारच नव्हती.

शालननं तिच्या डोक्यावर हंडा ठेवूनच नवी कड आखली. त्या मापानं वहाण पुन्हा केली आणि संदेशला म्हणाली, "खोलीत चालून ह्याचं खरंखोटं व्हनार न्हाई. वाडीच्या चढाला, डोस्क्यावर वझं घेऊन चालली पायजे. मी संगं येती."

"आन् पुन्हा कापलं म्हंजी?"

"जागोजाग बसवून पाय बघीन."

संदेशनं एकदा आईच्या पायाकडं, एकदा वहाणेकडं पाहिलं. शेवटी म्हणाला, "एकदा. कुठंबी लाल दिसलं, की तिथनं माघारी. मग वाडीचं नाव न्हाई काढायचं. आईनं न्हाई, तुमीबी न्हाई. आन् टिकलं, तर भामाबाईनं रोज संध्याकाळी तळवा बघायचा."

"भामा बघंल की," बाया म्हणाली. "माज्यात खोट काढायला तिला न्हाईतरी लय आवडतं."

शालननं शब्द दिला, की लाल दिसलं तर मीच सांगीन.

सुगी उरकून उन्हं कोवळी झाली होती. टाकव्याच्या पुढं गाडीरस्ता संपला तिथं तिघं उतरली. बायाच्या डोक्यावर रेशनचं तांदळाचं गाठोडं होतं. शालनच्या पिशवीत रापी, आरी, वाद्या आणि हातोडी. खाचरांतून भाताचे खुंट उभे होते. बाया पुढं निघाली आणि तिचं पाऊल इतकं झरझर पडू लागलं, की बेगडेवाडीच्या खोलीत पाय ओढत फिरणारी म्हातारी ती हीच का, असा प्रश्न पडावा. संदेश मागून दमत येत होता.

पहिल्या विसाव्याला, चिंचेखाली, शालननं वहाण काढून तळवा पाहिला. काही नाही. ओढ्याच्या पुढं पाहिला, तिथंही काही नाही. मग खरा चढ लागला. काळ्या खडकातून वर जाणारी, पावसाळ्यात पाण्याची आणि एरवी माणसांची वाट. वहाण कुठं घसरली नाही. बायानं एकदाही हात टेकला नाही.

चढ संपला तिथं एक सपाट खडक होता. तिथून वाडी दिसत होती. बायाचं घर पहिलंच, दाराशी भामाबाईची कोंबडी चरत होती. संदेश थोडा खाली, रेंज मिळाली म्हणून कारखान्यातल्या कुणाशी तरी बोलत थांबला होता. बाया बसली. तिनं पाय पुढं केला, पण तिची नजर घरावरच होती.

शालननं वहाण काढली. करंगळीच्या जागेशी, पट्ट्याच्या कडेला, चिंचोक्याएवढी लाली होती.

तिनं थुंकी लावून पुसून पाहिलं. लालीच होती. थोडा वेळ थांबून पाहिलं, ती जाईना.

बायाला ती दिसणार नव्हती, कळणार तर नव्हतीच. संदेश खाली होता. घर हाकेच्या अंतरावर होतं. आत गेल्यावर गुपचूप पट्टा सैल केला असता तर कुणाला काय समजणार होतं? शालननं हे सगळं मनात आणलं. आणलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

"कसा हाय?" बायानं विचारलं.

"लाल हाय, मावशे."

बायानं घराकडं बोट केलं. "दिसतंय न्हवं घर तुला? गप बसली असतीस तर तुजं काय गेलं असतं गं?"

"गप बसनारा एक पाय हाय तुला, त्यो पुरे," शालन म्हणाली. "आनिक गप बसनारं मानूस कशाला पायजे?" आणि तिनं वाटेकडं वळून हाक मारली, "संदेश! ये वर. लाल झालंय!"

संदेश आला. त्यानं वाकून पाहिलं. तो रागावला नाही, त्यामुळे शालनला जास्तच वाईट वाटलं. "ठरलं होतं, ताई," तो हळू म्हणाला. "चल, आई."

"ठरलंवतं. ने तू. मी आडवी येनार न्हाई," शालन म्हणाली. पण बोलता बोलता तिनं पिशवीतून रापी काढली होती. गुडघ्यात वहाण धरून तिनं पट्ट्याचे टाके कचाकच उसवायला सुरुवात केली.

"आता कशाला?" संदेश म्हणाला.

"चूक दिसल्याव ती तशीच ठिवून मला उठता येत न्हाई."

तिनं पट्टा मोकळा केला, लाली होती तिथं त्याची कड अर्धचंद्रासारखी कापून काढली, आतलं मऊ कातडं ओढून बाहेर दुमडलं आणि पट्टा एक बोट मागं घेऊन पुन्हा ओवला. खडकावर ठेवून ठोकला. संदेश उभा होता. बाया एकदा घराकडं आणि एकदा शालनच्या हाताकडं बघत होती. काम संपेपर्यंत तळव्याची लाली हळूहळू विरून गेली.

बायानं वहाण शालनच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली, पायात घातली आणि गाठोडं डोक्यावर चढवलं.

"ठरलंवतं म्हनं," ती म्हणाली. "तुमा दोगांत ठरलंवतं. पाय माजा, आन् मला इचारलं कुनी?" आणि ती निघाली. घराकडं नव्हे, आल्या वाटेनं खाली.

संदेशला वाटलं, आई ऐकली. तो पुढं होऊन गाठोडं घ्यायला गेला. तिनं त्याचा हात झटकला. चढ सुरू होतो तिथवर ती गेली, ओढ्यापाशी जाऊन मागं वळली आणि तो सबंध काळा चढ पुन्हा चढू लागली. तेवढंच ओझं, तीच वाट. अर्ध्यावर तिला धाप लागली. शालन तिच्या मागं एक पाऊल अंतर ठेवून चढत होती. थांब, असं कुणीच म्हटलं नाही. सपाट खडकावर येऊन बाया बसली तेव्हा तिचा चेहरा घामानं निथळत होता. तिनं पाय पुढं केला.

शालन पुढं झाली नाही. तिनं दोन्ही हात पदराला पुसले आणि म्हणाली, "संदेश, आता तू बघ."

संदेश आईच्या पायाशी बसला. लेकानं पाय धरावा हे बायाला अवघड झालं, तिनं पाय मागं घ्यायला पाहिलं, पण त्यानं सोडला नाही. वहाण काढली, तळवा मांडीवर घेतला, करंगळीच्या जागेवरची धूळ बोटानं पुसली. टाच पाहिली, अंगठा पाहिला. उजेडाकडं पाय वळवून पुन्हा सगळा पाहिला. मग थोडं थांबून पुन्हा एकदा. वहाण आपल्या हातानं पायात घातली आणि टाचेचा पट्टा लावला.

"आई," तो म्हणाला, "किल्ली दे. फुडं जाऊन दार उघडतो."